हाँगकाँगचा रविवार, मनिलाचा हिशेब

फिलिपिन्सची मध्यवर्ती बँक दर महिन्याला एक आकडा जाहीर करते. परदेशी गेलेल्या फिलिपिनोंनी बँकांमार्फत घरी किती डॉलर पाठवले, त्याचा. 2024 या वर्षाची बेरीज 34.49 अब्ज डॉलर झाली. इतर वाटांनी आलेले पैसे आणि वस्तू धरल्या तर ती 38 अब्जांच्या पुढे जाते. देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या तुलनेत हे आठ टक्क्यांहून थोडं जास्त भरतं. साडेअकरा कोटींच्या आसपास वस्तीचा देश आणि त्यातली अंदाजे एक कोटी माणसं बाहेर, हे लक्षात घेतलं की त्या मासिक आकड्याकडे सगळे एवढे डोळे का लावून बसतात ते कळतं.

स्थलांतरितांच्या योगदानाची चर्चा या आकड्यापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच बसकण मारते. यजमान देशाला कामाला माणसं मिळतात, मायदेशाला डॉलर मिळतात, दोघांचंही भलं होतं. परिसंवादात टाळ्या घ्यायला एवढं पुरतं. यात खोटं काही नाही, पण हिशेबातली सगळ्यांत मोठी रक्कम यात धरलेलीच नाही, असं माझं म्हणणं आहे. फिलिपिनो कामगारांनी दोन्हीकडे दिलेली टिकाऊ गोष्ट डॉलरच्या पलीकडची आहे. परक्या देशात राबणाऱ्या मजुरालाही हक्क असतात आणि त्याला विमानात बसवून देणाऱ्या सरकारला त्याबद्दल जाब विचारता येतो, हे त्यांनी भांडून, मोर्चे काढून आणि काही वेळा जीव गमावून कायद्यात लिहून घेतलं. त्याचा फायदा आज फिलिपिनो नसलेल्यांनाही होतो. आपल्यालाही होऊ शकतो, घ्यायचं मनात आणलं तर.

आधी यजमानांची बाजू पाहू. त्यासाठी हाँगकाँगच्या सेंट्रल भागातल्या रविवारइतकी चांगली जागा नाही. आठवड्याचे सहा दिवस हा बँकांचा आणि वकिलांचा परिसर. रविवारी चॅटर रोड गाड्यांसाठी बंद होतो, आणि सकाळपासून तिथे, स्टॅच्यू स्क्वेअरमध्ये, पादचारी पुलांवर, एचएसबीसीच्या मुख्य इमारतीखालच्या मोकळ्या जागेत सुट्टीवरच्या फिलिपिनो घरकामगार बायका पुठ्ठे अंथरतात. खोक्यांचे पुठ्ठे उभे करून गुडघाभर उंचीच्या भिंतीही होतात. त्या आडोशात डबे उघडतात, कुणी कुणाची नखं रंगवतं, कुणी पत्ते खेळतं, कुणी आठवड्याच्या नाचाची तालीम करतं. कुणी फोन समोर टेकवून फिलिपिन्समधल्या इलोइलोतल्या मुलाच्या गृहपाठावर नजर ठेवतं. जवळच वर्ल्ड-वाइड हाउस नावाची इमारत आहे, तिथे पैसे पाठवण्याच्या खिडक्यांपुढे रांगा लागतात. आणि रस्त्याकडेला मोठाली खोकी भरली जात असतात: टूथपेस्ट, साबण, कॉफी, चॉकलेटं, डबाबंद मांस, बूट, टॉवेल. बालिकबायन बॉक्स. 1970च्या दशकात राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांच्या राजवटीने परदेशस्थ फिलिपिनोंना घरी बोलावण्यासाठी सवलती सुरू केल्या, त्यातून ही खोकी पाठवण्याची रीत वाढली. ती आजही ठराविक मर्यादेपर्यंत जकातीशिवाय आत येतात.

या बायका रस्त्यावर का बसतात? त्यांना घर नाही म्हणून. 2003 पासून हाँगकाँगमध्ये परदेशी घरकामगाराने मालकाच्याच घरी राहिलं पाहिजे, असा सक्तीचा नियम आहे. तिथली घरं केवढी असतात हे सांगायला नको. सुट्टीच्या दिवशी त्या घरात थांबलं तर सुट्टी राहत नाही, एवढं घरकामाचा अनुभव असलेल्या कुठल्याही बाईला समजतं. त्यात 1987 पासूनचा दोन आठवड्यांचा नियम: नोकरी संपली किंवा सुटली की साधारण दोन आठवड्यांत देश सोडायचा. मालकाने हात उगारला तरी तक्रार करण्याआधी ती दहा वेळा विचार करेल, अशी ही सोय आहे. तिचं किमान वेतन सप्टेंबर 2024 मध्ये महिना 4,990 हाँगकाँग डॉलर ठरलं, आपल्या हिशेबात पन्नास-पंचावन्न हजार रुपये. गावाकडून पाहणाऱ्याला हा आकडा मोठा दिसतो. पण शहरातल्या इतर कामगारांना लागू असलेला तासावारी किमान वेतनाचा कायदा घरात राहणाऱ्या कामगारांना वगळूनच केलेला आहे, ही गोष्ट त्या आकड्यात दिसत नाही.

त्या बदल्यात शहराला काय मिळालं? एक्स्पेरियन या पतमाहिती कंपनीने 2019 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार परदेशी घरकामगारांचं हाँगकाँगच्या अर्थव्यवस्थेतलं योगदान 2018 मध्ये 12.6 अब्ज अमेरिकी डॉलर, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या 3.6 टक्के होतं. यात निम्म्याहून अधिक वाटा फिलिपिनो बायकांचा धरायला हरकत नाही, कारण संख्येने त्या निम्म्याहून अधिक आहेत. पॅट्रिशिया कोर्टेस आणि जेसिका पॅन या अर्थतज्ज्ञांनी आणखी नेमकी गोष्ट दाखवली: घरात परदेशी मदतनीस आल्यामुळे लहान मुलं असलेल्या स्थानिक आयांचं नोकरी करण्याचं प्रमाण चांगलंच वाढलं. म्हणजे हाँगकाँगच्या ऑफिसांत बसलेली हिशेबनीस, डॉक्टर, बँक मॅनेजर बाई तिथे बसू शकली ती स्वयंपाकघरात दुसरी कुणी तरी उभी होती म्हणून. सरकारला पाळणाघरं बांधावी लागली नाहीत, वृद्धाश्रमांवरचा ताण निभावला. एका शहराने आपलं बालसंगोपन आणि म्हातारपण दुसऱ्या देशाच्या बायकांवर सोपवलं आणि त्यासाठी नाममात्र दाम मोजला.

आणि हक्काची वेळ आली तेव्हा? सात वर्षं सलग राहिलेल्या परदेशी माणसाला हाँगकाँगमध्ये कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. बँकेतल्या परदेशी अधिकाऱ्याला करता येतो. 1986 पासून तिथे राबणाऱ्या इव्हँजेलिन बानाओ व्हायेहोस या बाईंनी तो केला, नकार मिळाला, त्या कोर्टात गेल्या आणि पहिल्या फेरीत जिंकल्याही. मार्च 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अखेरचा निकाल त्यांच्या विरोधात दिला: घरकामगार म्हणून काढलेली वर्षं ‘सामान्य वास्तव्यात’ मोजली जाणार नाहीत. पंचवीसेक वर्षं जिथे काढली तिथे आपण राहतच नव्हतो, हे कोर्टाकडून ऐकून घ्यायचं. यजमान देश योगदान नाकारतो ते असं. आभार मानतो, दारात उभं करतो, पण उंबऱ्याच्या आत घेत नाही.

दवाखान्यांची गोष्ट याहून जुनी आहे. फिलिपिन्स 1898 ते 1946 अमेरिकेच्या ताब्यात होता आणि अमेरिकी पद्धतीची, इंग्रजी माध्यमाची परिचारिका विद्यालयं तिथे विसाव्या शतकाच्या आरंभीच निघाली. इलोइलोचं मिशन हॉस्पिटल 1906 पासून नर्सेस घडवतंय. 1948 च्या विनिमय योजनेतून आणि नंतर 1965 च्या स्थलांतर कायद्यानंतर त्या मोठ्या संख्येने अमेरिकेत गेल्या. म्हणजे मनिलाच्या खर्चाने शिकलेली, शिकागोच्या वॉर्डात लगेच उभी राहू शकणारी नर्स हा योगायोग नव्हता, त्याची तयारी वसाहतीच्या काळापासूनच झालेली होती. कोविडमध्ये त्याची किंमत दिसली. अमेरिकेतल्या नोंदणीकृत नर्सेसमध्ये फिलिपिनोंचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास. तिथल्या परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने सप्टेंबर 2020 मध्ये दिलेल्या मोजणीनुसार तोवर कोविडने दगावलेल्या नर्सेसपैकी जवळपास एकतृतीयांश फिलिपिनो वंशाच्या होत्या. अतिदक्षता विभागात, रात्रपाळीत, जादा पाळीत त्याच जास्त होत्या, हे त्याचं मोठं कारण.

ब्रिटनमध्ये 8 डिसेंबर 2020 रोजी कॉव्हेंट्रीच्या रुग्णालयात मार्गारेट कीनन या नव्वदीच्या आजींना कोविडची लस टोचली गेली. चाचण्यांबाहेर मान्यताप्राप्त फायझर लस घेणाऱ्या त्या जगातल्या पहिल्या. सुई हातात धरलेली नर्स होती मे पार्सन्स, मूळ फिलिपिन्सची. पुढे जुलै 2022 मध्ये राणीने तिथल्या आरोग्यसेवेला जॉर्ज क्रॉस हा शौर्यासाठीचा सन्मान दिला तेव्हाही विंडसरमध्ये त्या हजर होत्या. फोटो छान आला. पण त्याच साथीत, फेब्रुवारी 2021 मध्ये, मनिलाच्या श्रम खात्याने ब्रिटन आणि जर्मनीपुढे एक प्रस्ताव ठेवला होता: आम्हाला लसी द्या, आम्ही नर्सेसवरची पाठवणीची मर्यादा तुमच्यापुरती सैल करतो. जगभर त्याची टिंगल झाली, देशातल्या नर्सेसनी संताप व्यक्त केला, ब्रिटनने नम्रपणे नकार दिला. माणसांची अदलाबदल लाजिरवाणीच. तरी मला तो प्रस्ताव निर्लज्ज वाटण्याऐवजी प्रामाणिक वाटला. एरवी ही देवाणघेवाण चालतेच, फक्त एका बाजूने रक्कम लिहायची राहून जाते. एक नर्स घडवायला लागणारा सगळा खर्च एका देशाने करायचा आणि तिची कामाची उमेदीची वर्षं दुसऱ्याने वापरायची, यात फुकट काय आहे ते त्या दिवशी निदान कुणी तरी मोठ्याने बोललं.

आता मायदेशाची बाजू. इथे टीकाकारांची नेहमीची तक्रार ठरलेली असते: पाठवलेला पैसा मॉलमध्ये आणि घराच्या कंपाउंड वॉलमध्ये जातो. बटांगास प्रांतातल्या माबिनी गावात इटलीत काम करणाऱ्यांनी बांधलेल्या इटालियन ढंगाच्या बंगल्यांची रांग आहे, लोक त्या वस्तीला ‘लिटल इटली’च म्हणतात. जीपनी नावाच्या प्रवासी गाड्यांच्या पाठीवर ‘कातास नंग सौदी’ असं रंगवलेलं असतं: ही गाडी सौदीतल्या घामातून आली. कोकणात दुबईच्या पैशांवर उभी राहिलेली गुलाबी-पिस्ता घरं पाहिलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. मला या तक्रारीत मध्यमवर्गीय हेकटपणा जास्त दिसतो. दहा वर्षं परक्याच्या घरात झोपलेल्या माणसाने स्वतःच्या घराला खांब लावले तर त्याला उधळपट्टी म्हणायचं?

पुरावाही या तक्रारीला फारसा साथ देत नाही. 1997 च्या आशियाई आर्थिक संकटात पेसो घसरला, पण प्रत्येक कुटुंबासाठी सारखा नाही. ज्यांचा माणूस मजबूत चलनाच्या देशात होता त्यांच्या हाती एकाएकी जास्त पेसो आले, इतरांच्या नाही. अर्थतज्ज्ञ डीन यांग यांनी हा फरक धरून दोन्ही प्रकारच्या घरांची तुलना केली. ज्यांच्याकडे जास्त आले त्यांनी मुलांना शाळेत जास्त ठेवलं, बालमजुरी कमी झाली, स्वतःच्या धंद्यात गुंतवणूक वाढली. पैसा लॉटरीसारखा आला आणि घरांनी तो शाळेच्या फीमध्ये घातला. दुसरा अभ्यास नर्सेसचा. 2000च्या दशकात अमेरिकेने परदेशी नर्सेससाठी व्हिसा वाढवले, तेव्हा फिलिपिन्समध्ये नर्सिंगला प्रवेश घेणाऱ्यांची झुंबड उडाली. पाओलो अबारकार आणि कॅरोलाइन थिओहारिडिस यांनी हिशेब मांडला की देश सोडलेल्या प्रत्येक नर्समागे नऊ जादा नर्सेसनी परवाना मिळवला. बुद्धीची गळती होते असं म्हणणाऱ्यांना हा अभ्यास चांगलाच अडचणीचा आहे.

पण मग सरकारी रुग्णालयांत नर्सेसची पदं रिकामी का? 2023 मध्ये आरोग्यमंत्री तेओदोरो हर्बोसा यांना परवाना परीक्षेत थोडक्यात नापास झालेल्यांना कामावर घेण्याची कल्पना मांडावी लागली, इतकी ओढाताण होती. देशात नर्सेस आहेत. देशातल्या पगारावर उभ्या राहायला तयार असलेल्या नाहीत. घोडं पेंड खातं ते इथे. परदेशी पैशाने घर चालतं, म्हणून घरातल्या घरात नोकऱ्या तयार करण्याची, पगार वाढवण्याची घाई सत्ताधाऱ्यांना राहत नाही. 1 मे 1974 रोजी फर्डिनंड मार्कोस यांनी श्रमसंहिता जाहीर केली, तीत परदेशी रोजगार ही सरकारी व्यवस्था झाली. तेलाच्या किमती भडकल्या होत्या, परकीय चलन हवं होतं, आखातात बांधकामं निघाली होती. तात्पुरता उपाय होता तो. त्या तात्पुरत्या उपायाने पन्नाशी ओलांडली आणि 2021 च्या शेवटी त्याच्यासाठी स्वतंत्र मंत्रालयाचा कायदा झाला.

आणि एक किंमत अशी आहे जी डॉलरमध्ये येत नाही. कोर्टेस यांच्याच आणखी एका अभ्यासात दिसलं की आई परदेशी गेलेली मुलं, वडील परदेशी गेलेल्या मुलांपेक्षा शाळेत मागे पडण्याची शक्यता जास्त. पैसा दोन्ही घरांत येतो. हाँगकाँगच्या मुलाला सकाळी डबा भरून शाळेत सोडणारी बाई तिच्या स्वतःच्या मुलाला फोनवर वाढवते, आणि त्या मुलाकडे पाहायला आजी असते, मावशी असते, किंवा महिन्याला थोडे पेसो देऊन ठेवलेली गावातली आणखी गरीब बाई असते. तिच्या मुलांकडे कोण पाहतं, हे विचारायला कुठलीच मध्यवर्ती बँक जात नाही.

एवढं सगळं पाहिलं की ‘बागोंग बायानी’, नवे वीर, या बिरुदाची चीड येते. कोराझॉन अकिनो यांनी 1988 मध्ये हाँगकाँगच्या घरकामगारांपुढे बोलताना ते वापरलं आणि तेव्हापासून प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने ते उचललं. नाताळात विमानतळावर गालिचा, बँडबाजा, हस्तांदोलन. वीर म्हटलं की वीराने तक्रार करायची नसते. पगारवाढ आणि सुरक्षा मागणाऱ्यांच्या तोंडाला पानं पुसण्याचा यापेक्षा स्वस्त मार्ग नाही.

मात्र या लोकांनी पानं पुसून घेतली नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटतं.

17 मार्च 1995 रोजी सिंगापूरने फ्लोर काँटेम्प्लासिओन या घरकामगार बाईला फाशी दिलं. आरोप होता आणखी एका फिलिपिनो घरकामगार बाईच्या आणि तिच्या ताब्यातल्या लहान मुलाच्या खुनाचा. ती दोषी होती की नव्हती यावर फिलिपिन्समध्ये आजही एकमत नाही. पण लोकांचा राग सिंगापूरवर जेवढा होता त्याहून जास्त स्वतःच्या सरकारवर होता: वकील कुठे होता, दूतावास काय करत होता, वर्षानुवर्षं तुरुंगात असलेल्या बाईची आठवण फाशीच्या आठवड्यातच का झाली? राजदूत परत बोलावला गेला, परराष्ट्रमंत्र्यांना आणि श्रममंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं, आणि तीन महिन्यांच्या आत, 7 जून 1995 ला, स्थलांतरित कामगार कायदा आला. त्या कायद्यात एक वाक्य असं आहे की आर्थिक वाढीसाठी आणि राष्ट्रविकासासाठी साधन म्हणून राज्य परदेशी रोजगाराला उत्तेजन देत नाही. मनिलात याची थट्टा होते, कारण नेमकं तेच राज्य करतं. पण कायद्यातली बाकीची कलमं थट्टेची नाहीत. परदेशातल्या मालकाने पगार बुडवला तर मनिलातली भरती करणारी एजन्सी त्याच्या बरोबरीने जबाबदार धरली जाते. म्हणजे रियाधच्या मालकामागे धावण्याची गरज नाही. परत आलेली बाई आपल्याच देशाच्या श्रम लवादापुढे एजन्सीला उभी करते. ही एका ओळीची तरतूद आहे आणि जगातल्या बहुतेक मजूर पाठवणाऱ्या देशांतल्या कामगाराला तिची किंमत विचारा.

पुढे 2003 मध्ये परदेशस्थांना मताधिकार मिळाला, 2025 च्या निवडणुकीत त्यांनी ऑनलाइन मतं टाकली. 2006 च्या अखेरीस घरकामगारांसाठी महिना 400 डॉलरचं किमान वेतन ठरलं आणि त्यांच्याकडून भरतीचा मोबदला घेण्यावर बंदी आली. ते सगळीकडे पाळलं जातं असं नाही. एजंट दुसऱ्या नावाने पैसे काढतातच. 2018 मध्ये कुवेतमध्ये एका फिलिपिनो बाईचं प्रेत फ्रीझरमध्ये सापडलं, तेव्हा मनिलाने पाठवणी थांबवली आणि मे महिन्यात करार झाला की पासपोर्ट आणि फोन कामगाराकडेच राहील. करारानंतरही तिथे खून झालेच, 2019 च्या शेवटी, मग 2023 च्या आरंभी. बंदी घालून फारसं साधत नाही, हेही दिसून आलं: सरकारी दार बंद झालं की बायका पर्यटक व्हिसावर दुसऱ्या देशामार्गे जातात आणि आधीपेक्षा जास्त असुरक्षित होतात. तरीही मला हा संघर्ष वाया गेलेला वाटत नाही, कारण घासाघीस करायला पाठीमागे एक सरकार आहे, हे त्या बाईला माहीत असतं. आणि ते सरकार स्वखुशीने उभं राहिलेलं नाही. त्याच्या कल्याण निधीतही प्रत्येक करारामागे 25 डॉलर कामगाराच्या नावाने भरले जातात; उपकार वगैरे काही नाही.

याचा उलट प्रवाह मायदेशी कसा आला तो पाहा. घरकामगारांच्या हक्कांबाबतचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार 2011 मध्ये मंजूर झाला. उरुग्वेनंतर त्याला मान्यता देणारा दुसरा देश फिलिपिन्स. त्या दुसऱ्या सहीमुळे करार अमलात आला. पण आपल्या बायकांसाठी कुवेतकडे आठवड्याची सुट्टी मागताना मनिलातल्या श्रीमंतांच्या घरात सुट्टी नाही, हे लपून राहत नव्हतं. जानेवारी 2013 मध्ये देशातल्या घरकामगारांसाठी कायदा आला: लेखी करार, किमान वेतन, साप्ताहिक सुट्टी, सामाजिक सुरक्षा. परदेशी गेलेल्यांच्या भांडणाने देशात मागे राहिलेल्या गरीब बाईला हक्क मिळवून दिला. बँकेच्या मासिक आकड्यात याची नोंद कुठल्या रकान्यात करणार? भारताने त्या कराराच्या बाजूने मत दिलं होतं. मान्यता अजून दिलेली नाही. महाराष्ट्रात 2008 चा घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, आणि पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये कामवालीला वेगळी लिफ्टही आहे.

यजमान देशांनाही त्यांनी असंच काही दिलं. अमेरिकेतल्या शेतमजुरांच्या लढ्याचं नाव काढलं की सीझर चावेझ आठवतात, ते योग्यच. पण कॅलिफोर्नियातल्या डेलानोमध्ये 8 सप्टेंबर 1965 ला द्राक्षमळ्यांतून पहिल्यांदा बाहेर पडले ते फिलिपिनो मजूर, तासाला 1.40 डॉलर मागत. त्यांचा पुढारी लॅरी इटलियाँग, पांगासिनानमधून पंधराव्या वर्षी आलेला, एका हाताची तीन बोटं कामात गमावलेला. आठवड्याभराने चावेझ यांच्या संघटनेतले मेक्सिकन मजूर सामील झाले, पुढे दोन्ही संघटना एक झाल्या, आणि पाच वर्षांनी मळेवाल्यांनी करारावर सह्या केल्या. आधी मळेवाले एका जमातीने संप केला की दुसरीला कामावर आणायचे. त्या खेळाला डेलानोत खीळ बसली. हाँगकाँगमध्येही तेच दिसतं. 1990 च्या दशकात आलेल्या इंडोनेशियन बायकांना किमान वेतनाहून कमी पगारावर राबवलं जायचं. त्यांच्या संघटना उभ्या राहिल्या त्या आधीपासून मोर्चे काढणाऱ्या फिलिपिनो बायकांच्या बाजूने. बाजारात नव्याने आलेल्या मजुराचा दर खाली पाडता येत नाही, कारण आधीच्यांनी किमान दराची पातळी वर उचलून ठेवलेली असते.

समुद्रावर तर आपली माणसं त्यांच्या शेजारीच असतात. जगातल्या खलाशांपैकी साधारण दर चौथा फिलिपिनो. मनिलाच्या कालाव रस्त्यावर, रिझाल पार्कच्या बाजूला, जहाजावर चढायच्या प्रतीक्षेत फाइल काखेत घेऊन उभे राहिलेले तरुण दिसतात. कोलाबा किंवा बेलापूरच्या मॅनिंग एजन्सीबाहेर उभे राहिलेल्या आपल्या पोरांहून फार वेगळे नाहीत. त्यांच्या सरकारी करारानुसार मूळ पगाराचे निदान 80 टक्के घरी जातातच. 6 मार्च 2024 रोजी एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर येमेनमधल्या हुथी बंडखोरांचं क्षेपणास्त्र आदळलं, तिघे खलाशी गेले, त्यातले दोन फिलिपिनो. वाचलेल्या 21 जणांना, ज्यांत एक भारतीयही होता, आयएनएस कोलकाताने उचललं. त्याच काळात धोक्याच्या पाण्यात जाणाऱ्या जहाजावर चढायला नकार देण्याचा अधिकार फिलिपिनो खलाशांसाठी सरकारने ठासून सांगितला, आणि सप्टेंबर 2024 मध्ये खलाशांसाठी स्वतंत्र कायदाही झाला. त्या कायद्यात जहाजमालकांच्या सोयीची कलमं घुसली म्हणून खलाशांच्या संघटना त्यावर नाराज आहेत. भांडण चालूच आहे.

आपला संबंध इथे येतो. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीनुसार परदेशातून येणाऱ्या पैशात राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा, 20 टक्क्यांहून थोडा जास्त, महाराष्ट्राचा आहे. केरळ किंचित मागे. गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या घराघरातून माणूस बोटीवर गेला, मुंबईत धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या क्लबांमध्ये, त्याने बोटीची वाट पाहिली. रत्नागिरीच्या कितीतरी घरांची चूल आखातावर पेटते. तरी आपल्याकडे परदेशी कामाला गेलेल्या माणसाची राजकीय ओळख शून्य आहे. भारतीय नागरिक परदेशातून मतदार म्हणून नाव नोंदवू शकतो, मत टाकायला मात्र त्याला स्वतः मतदान केंद्रावर यावं लागतं. दम्मामच्या वेल्डरने विमानाचं तिकीट काढून संगमेश्वरला यायचं. त्यामुळे त्याच्यासाठी आंदोलन करायला, कुणाला मंत्रिपदावरून उतरवायला कोणी नसतं. आपण आपल्या आखाती मजुरांना वीर म्हणण्याचीही तसदी घेतलेली नाही.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. नर्सेस, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर आणि बाकी बरेच; पहिल्या टप्प्यात दहा हजार तरुण. बातमी आली तेव्हा आनंद झाला आणि व्हायलाच हवा. पण त्यांना जर्मन शिकवण्याचा खर्च राज्याच्या तिजोरीतून करायचं ठरलं. जर्मनीने 2013 पासून फिलिपिन्सशी आणि पुढे केरळशी नर्सेससाठी जो कार्यक्रम चालवला, त्यात भाषा शिकवण्याचा आणि नेमणुकीचा खर्च जर्मन रुग्णालयं उचलतात. म्हातारी होत चाललेली जर्मनी, गरज तिची, आणि तिची भाषा शिकवण्याची फी अमरावतीच्या करदात्याने का भरावी? हा प्रश्न मंत्रालयात कुणी विचारला असेल तर त्याचं उत्तर जाहीर करावं. विचारला नसेल तर पुढच्या फेरीत विचारावा. त्याच फेरीत आणखी दोन गोष्टी मागाव्यात: स्टुटगार्टच्या मालकाने करार मोडला तर भरपाईचा दावा नागपुरात कुणावर लावायचा ते कराराच्या मसुद्यात लिहिलेलं असावं, आणि तिथे गेलेल्या नर्सला नोकरी बदलण्यासाठी दोन आठवडे नव्हे, पुरेसे महिने मिळावेत. फिलिपिनो बायकांना या गोष्टी कळायला तीस वर्षं आणि एक फाशी लागली. आपल्याला त्या आयत्या मिळाल्या आहेत.